इस्त्रीच्या टेबलाला बांधलेले स्टिअरिंग

मित्रांनो, माणसाला आधी अग्नी सापडला, मग चाक सापडले, आणि ते चाक नेमके कुठे वळवायचे हे कळेना तेव्हा मी सापडले. मी नसते तर तुमची संस्कृती सरळ गेली असती आणि पहिल्याच झाडावर आदळून तिथेच संपली असती. इतिहासाने घेतलेली जी जी वळणे तुम्हाला शाळेत पाठ करायला लावतात, त्यांतल्या प्रत्येक वळणावर माझ्या कुळातले कोणी ना कोणी हजर होते.

हे सगळे मी एका इस्त्रीच्या टेबलावरून सांगत आहे. मला त्याच्या कडेला दोन क्लॅम्पनी आवळून बांधले आहे. माझ्या डाव्या हाताला गरम इस्त्री असते, उजव्या हाताला शेजाऱ्यांच्या पँटी, आणि माझ्या स्वतःच्या अंगाला कपडे वाळत घालायचे सात चिमटे लावलेले आहेत. चिमट्यांचे पुढे येईलच. तोवर थोडा मान राहू द्या.

मी एक जुने स्टिअरिंग आहे. माझा जन्म एका मोठ्या मोटार कारखान्यात झाला. सुरुवातीला मी नुसते लोखंडी कडे होते. मग माझ्यावर रबराचा फुगीर थर चढला आणि त्यावर काळे चामडे आले. चामडे शिवायला एक मावशी होत्या. दोन सुया आणि एक दोरा घेऊन त्या दिवसाला बारा स्टिअरिंगे शिवत आणि शिवताना प्रत्येकाला आपल्या सुनेबद्दल सांगत. त्यांच्या सुनेला दार हळू लावता येत नाही, हे गुपित माझ्या टाक्याटाक्यांत शिवलेले आहे. ते मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

मला एका नमुना गाडीत बसवण्यात आले. नमुना गाडी विकायची नसते. कारखान्याने कोणताही नवा भाग काढला की तो आधी तिला लावून बघतात. काही घरांत नवे औषध आधी आजोबांना देऊन बघतात, तसेच. ही गाडी आणि कारखान्यातून निघणाऱ्या बाकीच्या गाड्या चालवून तपासायचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना सारा कारखाना सातमामा म्हणत असे. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणत.

सातमामांची तपासणी अशी. कारखान्याच्या मागे एक सरळसोट रस्ता होता. त्यावर गाडी चाळीसच्या वेगाला आणायची, दोन्ही हात माझ्यावरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि शांतपणे सातपर्यंत मोजायचे. तेवढ्यात गाडी वीतभर इकडेतिकडे झाली तर चालेल. वीतभराच्या पलीकडे गेली की गाडी नापास. खाली उतरून मामा खिशातला जाड पांढरा खडू काढत आणि काचेच्या कोपऱ्यात खूण करत. पास असेल तर बरोबरची, नापास असेल तर फुली. फुली पडलेली गाडी साक्षात मालकाच्या जावयाची असली तरी परत जात असे. एकदा ती खरोखरच मालकाच्या जावयाची होती. ती परत गेली आणि मामांची बढतीही तिच्याबरोबर परत गेली.

(मित्रांनो, रस्त्यावर हात सोडून गाडी चालवायचा प्रयत्न कृपया करू नका. ते गृहस्थ यासाठी पगार घेत होते आणि समोर म्हैससुद्धा येणार नाही याची व्यवस्था कारखान्याने केलेली होती.)

मला हात लावण्यापूर्वी मामा साबणाने दोनदा हात धुवत. अंगठ्यांच्या जागी माझे चामडे त्यांच्या हातांनी हळूहळू मऊ आणि चकचकीत झाले. मित्रांनो, कौतुक कौतुक म्हणतात ते एवढेच असते. बाकी सगळे निरोपसमारंभात बोलतात.

मग वाईट दिवस आले. गाड्यांची विक्री घसरली. आणि मी असे पाहिले आहे की विक्री घसरली की मोटार कारखान्यात दोन गोष्टी वाढतात. एक बैठका आणि दुसरे कपहोल्डर. गाडीत माणसे बसणार पाच आणि पेले ठेवायच्या जागा अकरा. पूर्वी काच पुसायला एक दांडी होती, ती खाली ओढली की काच पुसली जायची. आता त्यासाठी पडद्यावर तीन पाने उलटावी लागत, तोवर पाऊस थांबायचा. गाडी दर चार मिनिटांनी टिंग असा आवाज करू लागली. का करते, ते माहितीपुस्तकाच्या दोनशे बाराव्या पानावर होते आणि ते पान वाचायला गाडी थांबवली की ती पुन्हा टिंग करायची. गाड्या दरवर्षी रुंद होत गेल्या, गल्ल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. गिऱ्हाईक एकच विचारत असे की गाडी चांगली चालते का, आणि त्याला उत्तर म्हणून छतावरचे निळे दिवे लावून दाखवत.

न विकलेल्या गाड्या मागच्या मैदानात रांगेने उभ्या राहिल्या. त्यांच्यामधून गवत उगवले. एका गाडीच्या बॉनेटखाली मांजर व्यायले आणि त्या वर्षी कारखान्यात झालेले तेवढे एकच उत्पादन निर्दोष होते.

अशा वेळी नवे साहेब आले. त्यांच्या पायांत पांढरेशुभ्र बूट होते. कारखान्यात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाचा कोणत्याही यंत्राजवळ जायचा विचार नसतो. त्यांनी पहिल्याच बैठकीत दोष शोधून काढला. दोष तरुण पिढीचा होता. ही पिढी गाड्या विकत घेत नाही, कारण ती घरी सोफ्यावर बसून व्हिडिओ गेममध्ये गाड्या पळवते, असे ते म्हणाले. मग गिऱ्हाईक गाडीकडे येत नसेल तर आपण गाडीच त्याच्या सोफ्यावर नेऊ. आपली गाडी गेममध्ये घालू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत, कारण त्यांना बैठकीला बोलावले नव्हते.

आता जे सांगते ते लक्ष देऊन ऐका, कारण पुढचे सगळे यावरून घडले. त्याच आठवड्यात माझ्या गाडीला एक नवी, हलक्या प्रतीची स्प्रिंग बसवली होती. मामांनी गाडी सरळ रस्त्यावर नेली, हात सोडले, सात मोजले. गाडी डावीकडे हातभर गेली. मामांनी काचेवर मोठी फुली मारली, वायपरखाली चिठ्ठी खोचली, ‘डावीकडे ओढते, हातभर, स्प्रिंग बदला’, आणि दुसऱ्या दिवशी दाढ काढून घ्यायची होती म्हणून रजा टाकली.

दुसऱ्याच दिवशी गेमवाले आले. तीन तरुण आणि खूप वायरी. त्यांना खरी गाडी चालवून तिच्या प्रत्येक हालचालीची नोंद करून घ्यायची होती, म्हणजे गेममधली गाडी हुबेहूब तशीच चालेल. नमुना गाडी एकच होती आणि ती फुली घेऊन दारात उभी होती. नवे साहेब आले, त्यांनी फुली पाहिली, काचेवर ही कसली घाण म्हणाले आणि स्वतःच्या रुमालाने पुसून टाकली. चिठ्ठीचा बोळा करून कपहोल्डरमध्ये टाकला. कपहोल्डरचा मी पाहिलेला तेवढा एकच उपयोग.

मग ते स्वतः गाडी चालवायला बसले. हात धुतले नव्हते. एका हातात फोन आणि दुसरा माझ्यावर. मी डावीकडे ओढत होते आणि ते नकळत मला उजवीकडे धरत होते. गेमवाल्यांपैकी एकजण म्हणाला की गाडीला काहीतरी स्वभाव आहे. साहेब म्हणाले, “आमच्या सगळ्याच गाड्यांना आहे.” त्या दिवशी ते खरे बोलले ते एवढेच.

मी हे सगळे पाहिले. पण स्टिअरिंग आत्मवृत्त सांगू शकते, तक्रार करू शकत नाही. तसा नियमच आहे.

गेम बाजारात आला आणि तुफान चालला. जगभरात काही कोटी लोकांनी आमची गाडी चालवली. साहेबांना करंडक मिळाला, तो ठेवायला काचेचे कपाट केले. त्या तिमाहीत खऱ्या गाड्या गेल्या तिमाहीपेक्षाही कमी खपल्या. ज्याला गाडी सोफ्यावर फुकट मिळाली तो उठून दुकानात कशाला जाईल, हा प्रश्न बैठकीत कोणीही विचारला नाही. कपाट झाल्यावर पाच महिन्यांनी दुसरी पाळी बंद झाली, मग पहिली, मग भोंगा. नवे साहेब कारखाना बुडायच्या आदल्या महिन्यात गेमवाल्यांकडे नोकरीला लागले. पांढरे बूट घेऊन गेले.

मामांची एकतीस वर्षे भरली होती. निरोपाला भिंतीवरचे घड्याळ देत होते. मामा म्हणाले घड्याळ नको, भंगारात निघालेल्या नमुना गाडीचे स्टिअरिंग द्या. स्वतःच्या पान्याने त्यांनी मला सोडवले. एकतीस वर्षे गाड्या तपासलेल्या या माणसाकडे गाडी नव्हती, स्कूटर होती. मी स्कूटरच्या हँडलला पिशवीत लटकून घरी आले. एका स्टिअरिंगला याहून मोठा अपमान काय होणार, असे मला वाटले. मला तेव्हा फारच कमी माहीत होते.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. मला स्वयंपाकघराच्या दारावर खिळ्याला टांगले. पहिला आठवडा पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवायचे. दुसऱ्या आठवड्यात माझ्यावर ओला टॉवेल आला. तिसऱ्या आठवड्यात लसणाची जुडी. मामांच्या पत्नीने, म्हणजे आईने, आजूबाजूच्या लोकांचे कपडे इस्त्रीला घ्यायला सुरुवात केली. घर आता इस्त्रीच्या टेबलावर उभे होते. आणि घरात एक मुलगी होती, चोवीस वर्षांची. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून तिचे नाव भिंगरी पडले. आता ती एका जागेवरून उठत नसे. शिक्षण झाले होते, काम मिळत नव्हते, आणि ती दिवसचे दिवस टीव्हीसमोर तोच गेम खेळत होती. त्यात आमचीच गाडी होती.

एके दुपारी आई कपडे पोचवायला गेली असता भिंगरीने मला खिळ्यावरून काढले. पडद्यावरची गाडी वळेल तसे मला फिरवणारी एक जुनी मोटर आणि वायरी कुठूनतरी आणून मला जोडल्या आणि इस्त्रीच्या टेबलाला बांधले. कपडे पोचवून आई आली आणि म्हणाली, मला बाह्यांना जागा लागते, तेवढी सोडा. मामांनी चहाचा कप विसळून ठेवला आणि गॅलरीत जाऊन पाठ फिरवून बसले. त्या दिवसापासून टीव्ही लागला की ते गॅलरीत. दोन वर्षे त्यांनी त्या पडद्याकडे एकदाही पाहिले नाही.

मी मात्र पाहत होते. मित्रांनो, व्हिडिओ गेम हा प्रकार काय असतो ते एखाद्या स्टिअरिंगला विचारा. तिथे गाडी दोनशेच्या वेगाने भिंतीवर आपटते आणि भिंत माफी मागितल्यासारखी बाजूला होते. झाडाला धडक दिली तर झाड पडते आणि गाडी पुढे जाते. पंक्चर नाही. पेट्रोल संपत नाही. मागच्या सीटवर कोणाला उलटी होत नाही. रस्त्याच्या कडेला लोक उभे असतात, ते सगळे एकाच वेळी एकाच पद्धतीने हात हलवतात आणि त्यांना कसलेच काम नसते. चूक झाली तर एक बटण दाबायचे, चूक झालीच नव्हती. शिसारी येते. मावशींनी मला खेळणे म्हणून शिवले नव्हते हो, माणसांना घरी सुखरूप पोचवायला शिवले होते. आणि त्यात वेफर्स. भिंगरी एका हाताने खेळायची आणि दुसऱ्याने वेफर्स खायची, मग हात बदलायची. मीठ आणि तेल यांचा एक थर माझ्या टाक्यांत जाऊन बसला. तिथे पूर्वी सुनेचे गुपित होते.

एक मात्र कबूल केले पाहिजे, पोरीचा हात पक्का होता. जगभरातल्या खेळणाऱ्यांच्या यादीत ती दोनशे बारावी होती. आणि दोन वर्षे माझी गाडी डावीकडे ओढत होती आणि दोन वर्षे ती मला रेसभर उजवीकडे धरून ठेवत होती. तिला पत्ताच नव्हता. पत्ता मला होता, आणि नियम तुम्हाला सांगितलाच आहे.

मग एक चांगली बातमी आली. रक्तपेढीला गाडी चालवायला माणूस हवा होता. रक्ताच्या पिशव्या या इस्पितळातून त्या इस्पितळात वेळेवर न्यायच्या. भिंगरीला त्यांनी पसंत केले, फक्त लायसन्स पाहिजे, आणि तेही महिनाअखेरपर्यंत. पुढे जागा दुसऱ्याला. आईने त्या दिवशी एक शर्ट दोनदा इस्त्री केला, एवढा तिला आनंद झाला. भिंगरीने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले. तिथल्या मास्तरांना सगळे ब्रेकमास्तर म्हणत, कारण बाजूच्या सीटसमोर त्यांच्यासाठी वेगळा ब्रेक होता आणि ते सारा वेळ त्याच्यावर उभे असत. ते म्हणाले की मुलीला गिअर येतो, क्लच येतो, धीर आहे, पण सरळ रस्त्यावर गाडी उजवीकडे जाते. परीक्षेत सरळ पट्ट्यावर गाडीने उजवीकडची पांढरी रेघ ओलांडली. नापास. पुन्हा परीक्षा बारा दिवसांनी, महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी.

त्या संध्याकाळी घरात जे बोलणे झाले ते मी टेबलावरून ऐकले.

“शाळेची गाडी चांगली नाही,” भिंगरी म्हणाली. “उजवीकडे पळते.”

“गाडी नाही पळत, तू पळवतेस,” मामा गॅलरीतूनच म्हणाले. “त्या भिंतीवर आपटून आपटून हाताला खोड लागलीये.”

“गेममधली गाडी काही आभाळातून पडलेली नाही, बाबा. तुमच्याच कारखान्याची आहे.”

“आमच्या कारखान्याची गाडी रस्त्यावर चालते.”

“चालायची,” आई म्हणाली. इस्त्री थांबवली नाही.

भिंगरी म्हणाली की तुम्ही आयुष्यभर गाड्या पास-नापास केल्यात, मला एकदा तरी हात सोडून बघायचं होतंत. आणि ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा गॅलरीतून उठले. बेसिनवर गेले. साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. चष्मा लावला, माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि भिंगरीला म्हणाले, “लाव ते.”

त्यांचे अंगठे माझ्या मऊ झालेल्या जागेवर आले. दोन वर्षांनी.

गेम वाईट आहे हे त्यांना मुलीला सिद्ध करून दाखवायचे होते. भिंगरीने त्यांना एक लांबलचक विमानतळाचा सरळ रस्ता लावून दिला. मामा चाळीसच्या वेगाने निघाले. मागून जगभरातल्या लोकांच्या गाड्या दोनशेने येत होत्या, हॉर्न वाजवत होत्या आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्यांच्याबद्दल निरनिराळ्या भाषांत काहीबाही लिहीत होत्या. मामांनी हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

“अहो, हात,” आई दचकून म्हणाली.

“एक,” मामा म्हणाले.

पाचपर्यंत मोजेतो आम्ही डावीकडच्या गवताला लागलो. मामांनी गाडी परत आणली. पुन्हा मोजले. पुन्हा गवत. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी चष्म्याचे घर उघडले. त्यात कापसात गुंडाळलेला, बोटाच्या पेराएवढा खडूचा तुकडा होता. कारखान्यातला. तो घेऊन ते टीव्हीपाशी गेले आणि पडद्याच्या कोपऱ्यात फुली मारली.

“आता तो टीव्ही कोण पुसणार?” आई म्हणाली.

“ही माझी गाडी आहे,” मामा म्हणाले. “ही मी नापास केली होती. दाढ काढायच्या आदल्या दिवशी. हातभर डावीकडे.”

भिंगरी पडद्याकडे बघत राहिली. “म्हणजे दोन वर्षं मी...”

“दोन वर्षं तू तिला उजवीकडे धरून सरळ चालवलीस. तुझा हात बरोबर आहे गं. गाडी चुकीची आहे.”

मित्रांनो, एकतीस वर्षांत मामांनी मालकाच्या जावयाची समजूत काढली नव्हती, नव्या साहेबांची तर नाहीच. त्या दुपारी त्यांनी एका माणसाची काढली आणि ती खरे बोलून काढली. माझे एवढे आयुष्य गेले, यापेक्षा चांगले काही पाहिलेले नाही. नंतर आईने त्या दोघांकडे पाहून नाक ओढले आणि म्हणाली, वाफेमुळे.

पण हात बरोबर असून चालणार नव्हते. तो आता खऱ्या, सरळ गाडीत चुकीचा होता, आणि दिवस राहिले होते अकरा. मामांनी गेमच्या कंपनीला पत्र लिहिले. तिसऱ्या दिवशी उत्तर आले की हा दोष नसून गाडीचे व्यक्तिमत्त्व आहे, आणि सरळ चालणारी आवृत्ती लवकरच वेगळी विकत मिळेल. खाली सही नव्या साहेबांची होती. मामांनी ते पत्र वाचले, घडी घातली आणि आईने इस्त्रीखाली घालायला मागितले तर दिले. मग ते गॅलरीत गेले आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून घेऊन आले.

तर आता चिमटे. डावीकडे ओढणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगला उजव्या बाजूने थोडे वजन लावले की ती सरळ होते. कारखान्यात याला मोठे नाव आहे आणि त्यासाठी खोलीएवढे यंत्र असते. मामांकडे चिमटे होते. एक लावला, हात सोडले, मोजले. गवत. दोन लावले. गवत. सहाला वीतभर. सातव्या चिमट्याला मामा सातपर्यंत पोचले आणि गाडी रस्त्याच्या मधोमध, जशी काही दोरीला बांधली आहे. मामांनी टीव्हीवरची फुली बाहीने पुसली आणि बरोबरची खूण केली. ओले कपडे सगळे खाली अंगणात पडले होते. ते आईने पुन्हा धुतले आणि त्याबद्दल ती पुढचे चार दिवस बोलली.

उरलेले आठ दिवस भिंगरीने रोज दुपारी तोच सरळ रस्ता चालवला, चाळीसच्या वेगाने. आधी हात आपोआप उजवीकडे जायचा आणि ती भिंतीवर आदळायची. भिंत माफी मागायची, मामा मागायचे नाहीत. “पुन्हा,” एवढेच म्हणायचे. जगाच्या यादीत तिचा नंबर दोनशे बारावरून चाळीस हजारांच्या पलीकडे गेला. कोपऱ्यात लोक लिहायचे, ही म्हातारी कोण? तिने उत्तर दिले नाही. सहाव्या दिवशी हात ढिला झाला. आठव्या दिवशी ती वेफर्स विसरली.

परीक्षेला मी अर्थात नव्हते. पण परत आल्यावर ती काही सांगेना, तेव्हा आईने विचारलेच की परीक्षक काय म्हणाले.

“म्हणाले, पुढचा,” भिंगरी म्हणाली.

सरळ पट्ट्यावर गाडी सरळ गेली की बोलण्यासारखे काही राहत नाही. मामांना हे ठाऊक होते. ते मान हलवून हसले. मी त्यांना हसताना कारखान्यातसुद्धा पाहिलेले नाही.

माझे टेबल खिडकीजवळ आहे, म्हणून पुढचे मला दिसले. पहिल्या पगाराच्या आठवड्यात भिंगरी दुपारी रक्तपेढीची पांढरी गाडी घेऊन बिल्डिंगखाली आली आणि हॉर्न न वाजवता थांबली. मामा चष्म्याचे घर खिशात टाकून खाली गेले. बाजूच्या सीटवर बसले. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, वळली, परत आली. मामा उतरले, काचेच्या कोपऱ्याशी वाकले आणि त्या उरलेल्या पेरभर खडूने खूण केली. ती कोणती ते एवढ्या वरून मला दिसले नाही. पण मग भिंगरी त्यांच्याकडे बघून अशी हसली की दिसायची गरज नव्हती. खडू तिथेच संपला असावा, कारण मामांनी बोटे पँटला पुसली.

तर मित्रांनो, माझ्या आयुष्याचे सार सांगायचे तर असे आहे. मोटार कारखाने तरुणांना नावे ठेवतात, गेमवाले वास्तवाला नावे ठेवतात, आणि दोघांच्याही काचेवर कोणीतरी कधीतरी फुली मारलेली असते, ती ज्याने पुसली त्याला बढती मिळते. या सगळ्याची मला घृणा आहे. म्हणून उद्याचा नागरिक म्हणून तुम्ही फुली पुसणारे होऊ नका. सत्याची कास धरा, यंत्रांची निगा राखा, श्रमाचा मान ठेवा आणि ज्या वस्तूंनी तुम्हाला वळणावर सांभाळले त्यांना...

माफ करा, थांबावे लागेल. मामा आले. भिंगरी कामावर जाते म्हणून रोज दुपारी टीव्ही रिकामा असतो आणि मामा गेममधल्या इतर गाड्या तपासायला बसतात. ते याला तपासणी म्हणतात. काल त्यांचा नंबर एकोणीस हजार होता आणि आता त्यांच्या मांडीवर वेफर्सचा पुडा आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी इथून जात असेल तर वर येऊन त्यांना एवढेच सांगा, की हात पुसा. त्या इस्त्रीच्या पँटींना नको.